मामींची मोटर

आमच्या गल्लीत दुपारी मामींची टाकी वाहायची.

उन्हाळ्यात जळगावला पाण्याची काय तऱ्हा असते ते ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या वाक्यातलं पाप कळेल. नळ दिवसाआड, कधी दोन दिवसांआड. लोक तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत ओततात. आणि इथे बोअरवर भरलेल्या गच्चीवरच्या टाकीतून स्वच्छ पाण्याची धार धो धो रस्त्यावर! समोरचे किराणावाले शेठजी गल्ल्यावरूनच ओरडायचे, "मामी, टाकी! ओ मामी, टाकी भर गई!" मामी ढिम्म. ऐकू येत नव्हतं म्हणावं तर शेजारचा कुकर एक शिट्टी आधी उतरवला तरी "आज यांचा भात टोचणार" असं सांगणारी बाई ती. पण मोटर चालू असली की मामी बहिऱ्या. एरवी आगपेटीतली दुसरी काडी ओढताना हात आखडणाऱ्या.

आता त्या घराला नवीन मालकानं ऑटोमॅटिक बसवलंय. टाकी भरली की मोटर आपोआप बंद. मामी चेन्नईला लेकीकडे असतात. मी त्या गल्लीतून जात नाही. जायचं काम पडलं तर पलीकडच्या रस्त्यानं जातो.

मामी मूळच्या तंजावरकडच्या. "तुमचे राजे आमच्या गावात, मी तुमच्या गावात. फिट्टंफाट," असं सांगायच्या. लग्न होऊन आल्या त्या वरणगावला, यजमान तिथल्या फॅक्टरीत. निवृत्तीनंतर जळगावात घर बांधलं, वर भाड्यासाठी दोन खोल्या काढल्या, आणि घराचा रंग वाळायच्या आत यजमान गेले. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही. म्हणाल्या, "पहाटे पाचला माझं गाणं सुरू होते. झोप मोडते. चालते का?" मी म्हटलं, चालेल. "मग राहा."

मराठी त्या वरणगावच्या क्वार्टर्समधल्या बायकांकडून शिकलेल्या. 'मले', 'तुले', 'कायले' सगळं अस्सल तिकडचं, फक्त त्याला दक्षिणेकडचा हेल. आणि मी धुळ्याकडच्या खेड्यातला, आईच्या दुधाबरोबर अहिराणी प्यायलेला, 'शे'चं 'आहे' करता करता जीभ झिजवलेला, मराठी घेऊन एम. ए. केलेला, आमच्या अख्ख्या आळीतला पहिला पदवीधर, त्यांच्याशी छापील बोलायचो. पहिला पदवीधर हे मी उगाच मधे घातलं असं कोणाला वाटेल. उगाच नाही. पदवीदानाचा काळा झगा घातलेला फोटो मी खोलीत दारासमोरच लावला होता, तो काही भिंतीचे पोपडे झाकायला नव्हे.

"किती शुद्ध बोलतो रे तू, प्रोफेसर," मामी म्हणायच्या. "इस्त्री केल्यासारखं. घामच येत नाही त्याले."

प्रोफेसर म्हणजे कॉलेजात तासिका तत्त्वावर. पण मामी प्रोफेसरच म्हणायच्या. कौतुकानं का टोमण्यानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दक्षिणेकडच्या गाण्यात रचनांचे वेगवेगळे प्रकार असतात, हे मला त्यांच्या घरात कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, तिकडचं सगळं एकच. मामींनी मात्र ते प्रकार जगभराच्या माणसांना लावून ठेवले होते. वर्णम म्हणजे मैफलीच्या आरंभी गळा मोकळा करायला म्हणायची रचना. सगळा राग तिच्यात शिस्तीनं बसवलेला. कृती म्हणजे देवाशी बोलणं. पहिली ओळ पल्लवी, मग अनुपल्लवी, मग चरण, पण कुठेही जा, फिरून त्या पहिल्या ओळीवर यायचं. आणि तिल्लाना शेवटाकडे, बहुतेक तालाचे बोल, अर्थाच्या नावानं फारसं काही नाही. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत येऊन गेला, तेव्हा मामी ओट्यावरून म्हणाल्या, "तिल्लाना आहे हा. नुसतं धिरधिर तोम. पण पाय हालते बरं ऐकून." समोरचे शेठजी कृती. नातवाच्या बारशापासून सुरुवात करोत नाहीतर गुडघेदुखीपासून, फिरून "धंद्यात दम नाही" या पल्लवीवर येणारच.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू वर्णम. सरळ, ताठ. जसं चढायचं तसंच उतरायचं. शिकाले एक नंबर. पण नुसतं वर्णम ऐकाले तिकीट काढते का कोणी?"

मला ते लागलं. विषय बदलायचा म्हणून मी विचारलं, "एवढेच प्रकार असतात का, मामी?"

"एवढेच," त्या म्हणाल्या आणि उठून मिक्सर लावला. त्यात चटणी नव्हती. भांडं रिकामं होतं ते मला नंतर दिसलं.

त्यांच्याबरोबर बाहेर जायची मला लाज वाटायची. बँकेच्या रांगेत त्या मांडीवर हात आपटून, बोटं मोजून ताल धरायच्या. लोक बघायचे. बाजारात तर विचारूच नका. एकाच ओळीला दर वेळी वेगळी नक्षी घालून म्हणायचं, त्याला त्यांच्या गाण्यात संगती म्हणतात. मामी भरताच्या वांग्यांचा भाव संगतीत विचारायच्या. पहिल्यांदा सरळ, "वांगी कशी दिली?" भाव ऐकून पुन्हा, "वांगी... कशी दिली?" जणू वांग्यांना काही झालंय. तिसऱ्यांदा वांगं तळहातावर घेऊन इतक्या हळू, की पातोंडा गावाहून वांगी विकायला येणाऱ्या बाईनं भाव तर उतरवलाच, वर "मावशी, घरी सगळं ठीक ना?" असंही विचारलं. मी तेव्हा शेजारच्या गाडीवर मेथी निवडत उभा होतो. मेथी मला नको होती.

तर मोटरीचं.

एका मे महिन्यातल्या दुपारी शेठजी स्वतः जिना चढून वर आले. "साहेब, तुम्ही शिकेल माणूस. समजवा ना मामीले. माझ्या दुकानापुढे चिखल झाला." मी खाली उतरलो. घराच्या बाजूला एक अरुंद बोळ होता. मामींच्या खोलीची खिडकी त्या बोळात उघडायची आणि मोटरीचं बटण खिडकीच्या चौकटीला लागूनच होतं. खिडकी घट्ट बंद. मी बटण दाबलं.

मोटरीचा आवाज तुटला आणि आतून गाणं बाहेर आलं. मी सकाळचं गाणं रोज ऐकायचो. सकाळचा आवाज अंघोळ करून उभा असायचा. हा आवाज बसलेला होता. उशीला टेकून. एकच ओळ, सावकाश, इतकी सावकाश की मधे माणसानं उठून पाणी पिऊन यावं. ती संपली आणि पुन्हा तीच आली, पण आता तिच्यात कोणीतरी रुसलेलं होतं. शब्द मला कळले नाहीत. कान मात्र गरम झाले.

मग ओळ मधेच तुटली. खिडकी बोटभर उघडली. मामींच्या तोंडावरचं रक्त गेलेलं.

"मोटर बंद कराले कोणी सांगितलं तुले?"

"टाकी भरली होती, मामी."

"माझी टाकी. माझं पाणी." खिडकी बंद.

संध्याकाळी वाटीभर रसम घेऊन त्या वर आल्या. मी खुर्ची पुढे केली तर उंबऱ्यापाशीच बसल्या. बराच वेळ माझ्या झग्यातल्या फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू विचारलं होतं, एवढेच प्रकार का. नाही. पदम असते. जावळी असते."

कृती देवाशी बोलते, तसं पदम माणसाशी बोलतं, असं त्यांनी सांगितलं. बाई आपल्या माणसाशी. जावळी त्याची धाकटी बहीण, थिल्लर आणि लाडकी. ही गाणी मूळची देवळात आणि दरबारात नाचणाऱ्या बायकांची. मामींची आजी त्यातली. नंतर काळ बदलला, ते नाचणं बंद झालं, आणि ती गाणी सभ्य घरांतल्या बायका तिकीट लावून स्टेजवर म्हणू लागल्या. "त्यांच्या तोंडी ती कला झाली. आमच्या तोंडी ती जात दाखवते," मामी म्हणाल्या. आईनं त्यांना कृती अंगणात शिकवल्या आणि पदम उखळात मुसळ चालू ठेवून. लग्न ठरलं तेव्हा बजावलं, तिकडे कृती म्हण. दुसरं काही तुला येतं हे नवऱ्यालाही कळू देऊ नको. नवऱ्याला कळलं नाही. तेव्हा क्वार्टर्समध्ये दळण्याची घरघंटी होती. इथे मोटर.

"त्या ओळीत काय होतं?" मी विचारलं. "म्हणजे दुपारच्या."

"तो दुपारी जायाले निघतो. ती म्हणते, एवढ्या उन्हात कुठे निघालात? बस. एवढंच आहे."

"पण मामी, जळगावात कोणाला कळणार आहे? इथे लोकांना कृती कुठली, पदम कुठलं..."

"मले कळते ना," मामी म्हणाल्या.

मी रसम प्यायलो. माझ्याकडेही सांगण्यासारखं होतं, आणि त्या उंबऱ्यात बसलेल्या बाईइतकं ते समजून घेणारं माणूस मला पुन्हा मिळणार नव्हतं. माझा बाप, नाना, ढोलकीवाला. उमेदीची सगळी वर्षं तमाशाच्या फडात. यात्रेचा हंगाम आला की तो ट्रकवर चढायचा तो पावसाच्या तोंडाला उतरायचा. बहिणीला बघायला पाहुणे आले तेव्हा आम्ही ढोलकी फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत पुरली होती. पाहुण्यांसमोर नानांनी हात मांडीखाली दाबून ठेवले. त्यांची बोटं मोकळी राहिली की वाजतात. कॉलेजात कोणी विचारलं तर मी सांगायचो, वडील शेती करतात. दोन बिघे आहेही आमची. कोरडवाहू. आई करते.

मामींना मी तेच सांगून ठेवलं होतं. रसमची वाटी धुऊन परत दिली.

पुढच्या उन्हाळ्यात नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन इथे करायचं ठरलं. बसस्टँडवरून रिक्षातनं आणताना मी त्यांना समजावलं की कॉलेजातले लोक भेटतील, मामी आहेत, तर फडाचं काही काढू नका. नाना म्हणाले, "बरं. शेती करस म्हनी सांगस. काय पिकाडस ते बी सांगी ठेव. इचारतीन लोके."

"कपाशी," मी म्हटलं.

"कपाशी," नानांनी घोकलं.

एका डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा. दुसरा डोळा आधीच धूसर. जिना चढायला नको म्हणून मामींनी त्यांना खालच्या ओट्यावर खाट टाकून दिली. चहा देताना विचारलं, "नाना, कपाशी कशी आहे यंदा?"

"हुबी शे," नाना म्हणाले. बोटं स्टीलच्या पेल्यावर चालूच.

मामी त्या बोटांकडे बघत राहिल्या. नंतर जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "प्रोफेसर, तुझ्या नानाची शेती तालात आहे हो." माझा चेहरा बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना विचारायची गरजही नसावी.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी डोळ्यात थेंब घालताना नाना म्हणाले, "तुन्या मामीनं सकायनं गानं येगळं, दुपारनं येगळं."

"दुपारी त्या गात नाहीत. मोटर चालू असते."

"मोटरना खाले म्हनतस. बैठकीनं शे ते. बाई बसेल शे, एकच ओळ शे, फिरी फिरी तीच. पन दर डाव नवी." फडात नाचाची लावणी वेगळी आणि बसून, नजरेनं, हातानं सांगायची बैठकीची लावणी वेगळी. नानांनी दोन्हींना साथ केलेली. भाषा कोणती हे त्यांनी विचारलंही नाही.

"हळू बोला," मी म्हटलं.

थेंब गालावर ओघळला तो मी पुसला. मग नाना म्हणाले, "आपली कनगी व्हती ना, तशी तेस्नी मोटर शे."

मी बाटलीचं झाकण लावून वर निघून आलो.

नाना जायच्या आदल्या दिवशी कॉलेज सुटल्यावर आमच्या विभागप्रमुखांनी मला थांबवलं. माणूस भला. भाषण करायला उभे राहिले की बळीराजावर डोळ्यात पाणी येईपर्यंत बोलायचे. पुढच्या वर्षी मला तास मिळायचे की नाही ते त्यांच्या एका शब्दावर होतं. म्हणाले, "वडील आलेत म्हणे? चला, भेटू. ज्या शेतकऱ्यानं पोराला एम. ए. केलं, त्याचे हात बघायचेत मला."

"सर, ऊन फार आहे," मी म्हटलं. "आता झोपले असतील."

"झोपलेले बघू," म्हणून त्यांनी स्कूटरच काढली. वाटेत मोसंबी घेतली.

गल्लीच्या तोंडाशीच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रस्ता कोरडा होता. टाकी वाहत नव्हती. मोटर बंद. आणि भर दुपारी, रणरणत्या उन्हात, मामींचं ते गाणं गल्लीभर पसरलं होतं.

शेठजी दुकानाबाहेर उभे होते. हातात गिऱ्हाइकाची अर्धी भरलेली पिशवी, गिऱ्हाईक शेजारीच. आम्ही बोळाशी आलो. खिडकी सताड उघडी. बाहेर पायरीवर नाना, काळा चष्मा, आणि दोन्ही गुडघ्यांत पालथी घातलेली प्लास्टिकची बादली. फडात थाप मारायचे तशी थाप नव्हती ती. बोटांची टोकं फक्त. ओळ संपायच्या जागी तेवढा एक नाद भरायचे आणि हात मागे घ्यायचे, म्हातारीला वाट करून द्यावी तसे. खिडकीत मामी जमिनीवर बसलेल्या. जाड भिंगाचा चष्मा, घरातली विटकी साडी. एक हात उचललेला, तळवा बाहेरच्या उन्हाकडे. एवढ्या उन्हात कुठे निघालात? एकदा म्हणाल्या ती साधी विचारपूस. पुन्हा म्हणाल्या तेव्हा त्यात हसू होतं, जा बघू कसे जाता ते. तिसऱ्यांदा त्यांनी हात खाली घेतला आणि नुसती मान जरा कलती केली, आणि मला दिसलं की तो उठलेला आहे, चाललेला आहे, आणि ही बाई त्याला थांबवण्यासाठी उन्हाशिवाय दुसरं काहीही पुढे करू शकत नाही.

इतकं सुंदर मी माझ्या शिक्षणात काही ऐकलं नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

"अरे वा," सर माझ्या पुढे उभे राहून हळूच म्हणाले. "कोण हे?" ते हसत होते. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, खरंच नव्हती.

मामींची नजर वर आली. सरांच्या खांद्यावरून माझ्याकडे. माझ्या तोंडावर काय होतं ते मी बघितलेलं नाही. ते मामींच्या तोंडावर उमटलं तेवढं बघितलं. मागच्या उन्हाळ्यात खिडकी बोटभर उघडली होती तेव्हाचाच रंग. पण या वेळी त्या स्वतःसाठी भ्यायल्या नव्हत्या.

गाणं थांबवून त्या गुडघ्यावर हात टेकत उठल्या. खिडकीतून हात बाहेर काढला आणि बटण दाबलं. मग खिडकी ओढून घेतली.

मोटर सुरू झाली. नानांची बोटं आणखी एक आवर्तन चालली आणि थांबली. त्यांनी मान वळवली.

"मोटर कोनी लावी रे?"

बंद खिडकीआडून मामींचा आवाज आला, "मी लावली, नाना. टाकी रिकामी झाली होती."

टाकी काठोकाठ भरलेली होती. मोटर लागून मिनिटही झालं नसेल, वरून धार सुटली आणि आमच्या मागे रस्त्यावर पडू लागली. सर दचकून बाजूला झाले. नानांना दिसत नव्हतं. त्यांनी पट्टीचा डोळा वर करून ते पाणी ऐकलं.

"हां," ते म्हणाले. "रिकामी व्हयनी व्हई."

समोर शेठजी उभेच होते. त्या दिवशी टाकीसाठी कोणी ओरडलं नाही.

"सर, हे माझे वडील," मी म्हटलं.

नानांनी बादली सुलटी करून बाजूला ठेवली. आवाज कुठून आला त्या अंदाजानं सरांकडे तोंड केलं, हात जोडले, आणि मग ते जोडलेले हात हळूच मांडीखाली घेतले.

"रामराम, साहेब," नाना म्हणाले. "मी शेती करस. कपाशी लावस."